कोपरापासून बोटांपर्यंत

"वैनी, तितं खड्डा न्हाय निघायचा," शरणप्पा फोनवर म्हणाला, तेव्हा माझे दोन्ही हात मनगटापर्यंत मातीत होते आणि फोन कान आणि खांद्याच्या मध्ये कसाबसा अडकवलेला होता. शरणप्पा म्हणजे माझा धाकटा दीर. अक्कलकोटच्या अलीकडं आमचं शेत आहे, ते तोच बघतो. मी त्याला एवढंच सांगितलं होतं, की पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी आम्ही दोघं येतो, लिंबाखाली तो दगड आहे ना, त्याच्या शेजारी गुडघाभर खोल खड्डा घेऊन ठेवा. "वीतभर खाली गेलं की पहार वाजती बघा. निस्ता खडक हाय. बांधाला काडू का? तितं माती लई चांगली हाय." मला हसू आलं. म्हटलं, "भावजी, त्या वेळी तुम्हीच खणला होता की. तेव्हा बरा निघाला." तो म्हणाला, "कवा?" मी म्हटलं, "बाळाच्या वेळी." पलीकडं कुठंतरी मोटर चालू होती. मग तो अगदी सहज, पाऊसपाण्याचं सांगावं तसं म्हणाला, "बाळ तर दवाखान्यातच दिलं हुतं न्हवं का वैनी? दादानं मागनं दगड आनून ठिवला नुस्ता. तुमाला म्हाईत हाय की." आणि मी चटकन म्हणाले, "हो हो, माहीत आहे की." का म्हणाले कोण जाणे. चोरी दुसऱ्याची आणि पदर सावरला मी. बांधाला काढा म्हटलं, सोमवारचं नक्की कळवते म्हटलं, पोरं कशी आहेत तेही विचारलं. फोन खांद्यावरून निसटून गच्चीच्या फरशीवर पडला आणि मी हातातली मातीची वळी मडक्याच्या काठावर नीट बसवली, अंगठ्यानं दाबली, आतून खाली ओढून घेतली. हात आपलं काम करत राहिले. हातांना अजून काही कळलेलं नव्हतं.

आमचं घर अक्कलकोटपासून तासाभरावर, शहरातल्या भवानी पेठेत. खाली दोन खोल्या, वर गच्ची, आणि गच्चीच्या भिंतीपलीकडं शेजाऱ्यांचे यंत्रमाग. नव्या माणसाला त्या खटखटीनं वेड लागेल, मला ती थांबली की दचकायला होतं. गच्चीच्या कोपऱ्यात पत्रा टाकून मी माझं मातीचं सामान मांडलंय. शाळेत चित्रकला शिकवायचे तेव्हा पोरांकडून गणपती आणि बैल करून घेतले, त्यापलीकडं मातीशी माझा संबंध नव्हता. मग एकदा अपेक्षाकडं, म्हणजे आमच्या मुलीकडं पुण्याला गेले होते. तिला ऑफिस होतं, मला दिवसभर काय करावं कळेना, म्हणून एका वस्तुसंग्रहालयात जाऊन बसले. आत गारवा होता हे खरं कारण. तिथं एका काचेमागं दोन मडकी आडवी ठेवली होती, तोंडाला तोंड लावून. करड्या रंगाची, ओबडधोबड, हातानं थापलेली. शेजारच्या रंगवलेल्या देखण्या भांड्यांसमोर अगदीच गरीब दिसत होती. खाली पाटी होती. तीन हजार वर्षांपूर्वी त्या गावची माणसं लहान मूल गेलं की त्याला अशा दोन मडक्यांत ठेवून घराच्याच जमिनीखाली पुरायची. गावाबाहेर नाही, घरात, चुलीच्या आसपास. म्हणजे ती बाई रोज त्याच्यावरून चालत असेल. भाकरी थापत असेल, पीठ सांडत असेल, दुसरं मूल तिथंच रांगत असेल. मी त्या काचेसमोर किती वेळ उभी होते ठाऊक नाही, पण वॉचमन दोनदा येऊन बघून गेला. मला एकदम वाटलं, माझ्या पोरीला असं काही मिळालं नाही. ती नुसत्या फडक्यात गेली. तिला तिचं घर मीच करून द्यायचं, माझ्या हातानं, आणि लिंबाखाली तिच्या शेजारी पुरून यायचं. रिकामं असलं तरी चालेल. घर तर असेल.

हे वेड आहे हे मला कळत होतं. पण वेडाला वेळ मिळाला, की ते शिस्तीत काम करतं. माती चाळायची, भिजत घालायची, तिच्यात राख आणि बारीक वाळू मळायची, कारण नुसती काळी माती वाळताना चिरते. चाक नाही. त्या करड्या मडक्यांना चाक लागलेलं नव्हतं, म्हणून मीही हातानंच करायचं ठरवलं. मातीच्या लांब वळ्या करायच्या, एकावर एक बसवायच्या, आतून दगड धरून बाहेरून लाकडी फळीनं हलकं हलकं चोपायचं. एका दिवसात फार चढवलं तर खालची ओली भिंत बसते, म्हणून रोज थोडंच. रात्री काठावर ओलं फडकं झाकून ठेवायचं, म्हणजे उद्याची वळी आजच्या काठाला चिकटेल. पहिलं मडकं झालं, सावलीत वाळतंय. हे दुसरं, त्याच्या तोंडाला तोंड लागेल असं, दोऱ्यानं माप घेऊन. आणि लांबीचं माप माझ्या हातावरच होतं. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. दोन्ही मडकी जोडली की आत तेवढी जागा, शिवाय चार बोटं मोकळी. रोज संध्याकाळी मी मडक्यात हात घालून मोजायची. कोपरापासून बोटांपर्यंत हे माप मला विरेशनं, माझ्या नवऱ्यानं, दिलं होतं.

कारण बाळाला बघितलं होतं त्यांनी. मी नाही. दिवस पूर्ण भरले होते आणि दोन दिवसांपासून पोटात हालचाल नव्हती. पुढचं सगळं मला पांढऱ्या दिव्यासारखं आठवतं, म्हणजे काहीच आठवत नाही. सासूबाई माझ्या डोळ्यांवर पदर धरून बसल्या होत्या. "बघू नगं पोरी," त्या म्हणत होत्या, "एकदा बघितलीस की जल्मभर डोळ्यांपुढनं हलायची न्हाय." त्यांनी स्वतःची दोन गमावली होती, त्यांना ठाऊक असणार, असं मला वाटलं आणि मी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात बाळाला बाहेर नेलंसुद्धा. विरेश संध्याकाळी आले तेव्हा त्यांच्या चपलांना माती होती. हे मला स्पष्ट आठवतं. मी विचारलं, कुठं? ते म्हणाले, शेतात, लिंबाखाली. शरणप्पानं खड्डा घेतला, मी ठेवलं. मी विचारलं, केवढी होती? त्यांनी डावा हात पुढं केला, कोपरापाशी उजवा तळवा आडवा धरला आणि म्हणाले, "एवढी. हितंपासनं बोटांपर्यंत." केस होते का? "लई. तुझ्यासारखे. दाट." आणि तिचं पूजेचं लिंग? आमच्यात आठव्या महिन्यात स्वामी घरी येतात आणि पोटातल्या जिवासाठी लिंग देऊन जातात. आईनं ते स्वतःच्या लिंगासोबत बाळगायचं आणि बाळ झालं की त्याचं त्याला द्यायचं. हरभऱ्याएवढं होतं ते, पांढऱ्या फडक्यात बांधलेलं. कळा सुरू झाल्यावर मी ते विरेशच्या हातात दिलं होतं. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, मातीत बसवतात, आणि त्याचं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. लिंगाशिवाय कुणी जात नाही. विरेश म्हणाले, "दिलं तिच्या हातात. मूठ मिटून दिली." मूठ मिटून दिली! त्या तीन शब्दांवर मी इतकी वर्षं काढली आहेत. रात्री झोप येईना तेव्हा मी ती मूठ बघायची. बारीक नखं, बोटांवर सुरकुत्या, आत पांढरं फडकं. बाकी चेहरा मला कधीच दिसला नाही, पण मूठ दिसायची.

पलीकडचे माग चालूच होते. मी आणखी एक वळी लांबवत होते आणि त्या वेळच्या त्या चपला बघत होते. त्यांना माती कुठली लागली असेल? दवाखान्यासमोर तेव्हा रस्ता खणलेला होता, ते मला आज आठवलं. सव्वीस वर्षांत नाही आठवलं, आज आठवलं. दरवर्षी त्या दिवशी आम्ही शेतावर जातो. विरेश बँकेतून रजा काढतात. घरून विभूती, बेलाची पानं, तांब्याभर पाणी. लिंबाच्या बुंध्यापासून दोन पावलांवर तो दगड. विरेश आधी उपरण्यानं दगड पुसतात, मग विभूती लावतात, मग पाणी सोडतात आणि डोळे मिटून उभे राहतात. एका वर्षी मी दगडाला वळसा न घालता सरळ पलीकडं जायला निघाले, तर त्यांनी माझा दंड धरला. "हितनं जरा बाजूनं चाल," ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात म्हणाले, की मला रडू फुटलं. मला वाटलं, किती जपतो हा माणूस. तिथं खाली खडक होता. खडकाला दुखू नये म्हणून मी वर्षानुवर्षं बाजूनं चालले. अपेक्षाला बोट धरून तिथं नेलं, तुझी अक्का इथं झोपलीय म्हणून सांगितलं, आणि तेव्हाही विरेश शेजारी उभे होते, मान हलवत होते. शरणप्पा लांबून बघत असणार. मनात म्हणत असेल, दगडाला हात जोडतात, बरं आहे, मनाचं समाधान. म्हणजे त्याला माहीत होतं. सासूबाईंना माहीत असणार. शेताला आणि लिंबालाही माहीत. फसवायला एकटी मीच उरले होते आणि माझ्यासाठी एवढा मोठा खेळ मांडला होता. राग यायला हवा होता. पण राग येण्याआधी मला लाज वाटली, अंगभर, भर बाजारात लुगडं सुटल्यासारखी.

आणि माती. या मडक्याची माती! मी विरेशना म्हटलं होतं, मला त्याच जागेची माती हवी. खालची नको, तिला धक्का लावू नका, आजूबाजूची आणा. ते लगेच म्हणाले, "मी आणतो. तू नको येऊ, तुला बघवणार नाही." दोन पोती भरून आणली, जिन्यावरून स्वतः वर चढवली, घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. काय माती होती! मऊ, काळी, लोण्यासारखी, एक खडा नाही. मी ती हातात घेऊन वास घेतला आणि म्हटलं, बघा, तिची जागा किती चांगली आहे. ते म्हणाले, "हां." आता मी बोटांत चिमूटभर चुरून बघितली. ही लिंबाखालची नाहीच. लिंबाखाली मुरूम असतो, पाला असतो, मुळ्यांचे धागे असतात. ही तळ्याकडची गाळाची माती. खोटं सांगायचं तर निदान त्या जागेची मूठभर तरी मिसळावी माणसानं. इतकीही तसदी नाही. की उलट, माझं मडकं चिरू नये म्हणून मुद्दाम चांगली शोधून आणली? विरेशच्या बाबतीत हे असंच होतं. त्यांचं खोटं आणि त्यांची माया वेगळी करायला गेलं की हाताला काहीच लागत नाही. पण आता मला त्यांची माया नको होती. मला माझी पोर हवी होती आणि ती कुठं आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

जिन्यावर पावलं वाजली. विरेश चहाचे दोन कप घेऊन वर आले. शनिवारचं ते लवकर येतात आणि चहा तेच करतात. गळ्यात नेहमीची चांदीची करडगी होती. आमच्यातली माणसं आपलं लिंग गळ्यात त्या छोट्या डबीत बाळगतात. "काय करायलीस अजून उन्हात?" ते म्हणाले. मग मडक्याकडं बघून, "आज लई चढवलीस की गं." खरंच. बोलण्याच्या नादात, म्हणजे स्वतःशीच बोलण्याच्या नादात, मी माप न घेता वळीवर वळी चढवत गेले होते. मडकं ठरल्या मापाच्या वर गेलं होतं आणि खालची बाजू एका अंगाला फुगली होती. मी म्हटलं, "शरणप्पांचा फोन आला होता. तिथं खड्डा निघत नाही म्हणाले. खाली खडक आहे." ते कप ठेवायला वाकले होते. वाकलेलेच राहिले. मी वाट बघत होते. वाटलं, आता म्हणतील की शरणप्पाला काय कळतंय, जागा चुकली असेल. म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता, शपथेवर सांगते. तेवढी मी तयार होते. पण ते सरळ झाले आणि म्हणाले, "काय काय बोलला तो?"

त्यातच सगळं आलं. मी म्हटलं, "दवाखान्यात दिलंत?" ते पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसले. "त्यांनी विचारलं, नेता का आम्ही बघू. मी... माझे पाय चालेनात शिवानी. मी म्हणालो, तुम्ही बघा. मला वाटलं, तुला नंतर सांगू. संध्याकाळी मी आत आलो, तर तू पहिलंच विचारलीस, कुठं? माझ्या तोंडातनं निघालं, शेतात. मग ते परत कसं घ्यायचं?" मी म्हटलं, "सव्वीस वर्षांत एकदाही जमलं नाही?" ते म्हणाले, "तुला तिथं जाऊन बरं वाटायचं. तू हसायचीस येताना. मला वाटलं, राहू दे." राहू दे! जसं काही भिंतीवरचं कॅलेंडर होतं. मी ओरडले नाही. माझा आवाज मलाच अनोळखी, शाळेतल्यासारखा आला. "आणि लिंग?" त्यांचा हात गळ्याशी गेला. "मूठ मिटून दिली म्हणाला होतात. कुणाची मूठ मिटलीत?" तेव्हा त्यांनी गळ्यातली करडगी हातात घेतली, अंगठ्यानं तिचं झाकण काढलं आणि पुढं केली. आत त्यांचं लिंग होतं आणि त्याच्या शेजारी, कडेला, पिवळ्या पडलेल्या फडक्यात बांधलेलं हरभऱ्याएवढं काहीतरी. मी लगेच ओळखलं. गाठ मीच मारलेली होती.

रोज सकाळी ते पूजेला बसताना दार लोटून घेतात. मला वाटायचं, चित्त एकाग्र व्हावं म्हणून. रात्री तेच गळ्यात घालून माझ्या शेजारी झोपतात. कुशीवर वळले की ती चांदी माझ्या खांद्याला गार लागते. इतकी वर्षं ते माझ्यापासून हातभर अंतरावर होतं, आणि मी बसनं धुरळा खात खडकाला पाणी घालायला जात होते. त्यांनी स्वतःसाठी खरं ठेवून घेतलं आणि मला दगड दिला. त्यांचं रडणं त्यांनी दार लोटून केलं असेल, मी कशाला नाही म्हणू. दुसरा कुठला दिवस असता तर मी जवळ गेले असते. "घे," ते म्हणाले, "तुझंच आहे." मी माझ्या हातांकडं बघितलं. मातीनं भरलेले होते. मी ते घेतलं नाही.

मग मला ते सुचलं. खरं म्हणजे सुचलं नाही, मडक्याच्या त्या फुगलेल्या बाजूकडं बघत होते आणि आपोआप तोंडातून गेलं, "केवढी होती हो ती?" त्यांनी सवयीनं डावा हात पुढं केला. कोपरापाशी उजवा तळवा आला, मग जरा खाली सरकला, परत वर गेला, आणि अधांतरी राहिला. मी बघत होते. पलीकडच्या मागांवर कुणीतरी एक माग बंद केला आणि बाकीच्यांचा आवाज वेगळा झाला. "विरेश," मी म्हणाले. नवऱ्याचं नाव मी तोंडावर घेत नाही, त्या दिवशी घेतलं. "नर्सनं पुढं केलं," ते म्हणाले. "गुंडाळलेलं होतं सगळं. हिरव्या फडक्यात. मी म्हणालो, नको. मी हात मागं घेतले." "बघितलंत का?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "तोंड तरी?" परत तशीच मान हलली. "मग केस? दाट केस?" "तू विचारलीस," ते म्हणाले, अगदी लहान आवाजात. "मला वाटलं, तुझ्यासारखेच असणार की."

म्हणजे कुणीच बघितलं नव्हतं; सासूबाईंनी बघितलं असलं तरी त्या आता नव्हत्या. मी सासूबाईंचं ऐकून डोळे मिटले, वाटलं यांनी तरी बघितलं असेल, आणि त्यांनी हात मागं घेतले. ती आली आणि गेली, आणि आम्हा दोघांपैकी एकानंही तिच्याकडं बघितलं नाही. मी मनात जपलेली मूठ, केस, ते माप, सगळं त्या एका संध्याकाळी दवाखान्याच्या खाटेशेजारी उभं राहून त्यांनी घाईघाईनं रचलेलं होतं आणि मी त्याच्यावर दोन मडकी बांधली होती. पहिलं सावलीत वाळत होतं, अगदी मापात, नीटनेटकं. दुसरं माझ्यासमोर, काठ अजून ओला. पुढची वळी किती चढवायची ते आता मला कुणी सांगू शकत नव्हतं.

मी मडक्याखालच्या फळीसकट ते उचललं. ओली माती फार जड असते, तिचं वजन हातांना आधी समजत नाही. विरेश उभे राहिले. त्यांना वाटलं मी आपटणार, त्यांचे डोळेच सांगत होते. मी त्यांच्यासमोर गेले आणि म्हटलं, "धरा." "ओलं आहे गं," ते म्हणाले. "हात मागं घेऊ नका. धरा." त्यांनी करडगी तशीच उघडी छातीवर सोडली आणि दोन्ही हात पुढं केले. मी मडकं त्यांच्या हातांत दिलं आणि खालची फळी काढून घेतली. मग त्यांना ते कुशीत घ्यावंच लागलं, डाव्या हाताच्या कोपराशी, उजवा तळवा खाली देऊन, जसं घेतात तसं. शर्टाला माती लागली. "पडेल शिवानी." "पडू देऊ नका." ते ताठ उभे राहिले, श्वाससुद्धा घेईनात. "आता आत बघा," मी म्हणाले. "काय आहे आत?" "बघा तर खरं." त्यांनी मान खाली केली. ऊन उतरलं होतं आणि मडक्याच्या तोंडाशी अंधार होता. ते बराच वेळ बघत होते. मग ते म्हणाले, "काही नाही गं आत."

"हो," मी म्हणाले. "तरी बघा."

ते बघत राहिले, आणि त्यांची बोटं ओल्या मातीत हळूहळू रुतत गेली.